बाळकृष्णबुवा आपले कोण?

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या फलकावर 'शास्त्रीय गायन' असा एक प्रकार लिहिला होता. चार दिवस त्याखाली एकही नाव आले नाही. पाचव्या दिवशी कोणीतरी गमतीने शिपाईमामांचे नाव टाकले, हशा पिकला आणि तो प्रकार रद्द झाला. हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे ग्रंथालयातल्या एका जुन्या दिवाळी अंकात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे नाव भेटले. तेव्हापासून त्या हसण्याची लाज वाटते.

बुवांचा जन्म १८४९ सालचा, इचलकरंजीजवळच्या चंदूरचा. त्या काळी आपल्या मुलखात कीर्तन होते, भजन होते, लावणी होती. ख्याल शिकायचा तर ग्वाल्हेरची वाट धरावी लागे. बुवांनी ती धरली. आधी धारला देवजीबुवांकडे, मग ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे. वासुदेवबुवा हे हस्सूखाँचे शिष्य. मुसलमान उस्तादाची विद्या अशी दोन मराठी गळ्यांतून दक्षिणेत उतरली. मुंबईत बुवांनी 'संगीत दर्पण' नावाचे मासिकही काढले. पण दम्याने गाठले. दमेकरी गवई! आमच्याकडे दमेकऱ्याला रात्रीच्या राखणीलासुद्धा कोणी पाठवत नाही. कोरडी हवा म्हणून ते मिरजेला आले आणि पुढे इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या दरबारी गवई झाले. १९२६ साली वारले.

फ्रान्समध्ये मार्क-आंत्वान शार्पांतिए नावाचा एक संगीतकार १७०४ साली वारला. पुढे दोनशे वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. पण स्वरलिपीतली हस्तलिखिते शाबूत होती, म्हणून विसाव्या शतकात तो पुन्हा वाजू लागला. आपल्याकडे अशी सोय कुठली? गवई गेला की गाणे गेले. उरतात ते शिष्य. बुवांचे शिष्य म्हणजे मिराशीबुवा, अनंत मनोहर जोशी आणि विष्णु दिगंबर पलुसकर. फटाक्याने डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेत बुवांपाशी शिकला.

आता मनातले बोलतो. दरबार गेले याचे मला दुःख नाही. गुरूच्या घरी राहायचे, त्याच्या पंगतीला जेवायचे आणि शिकायचे, अशी ती रीत. ती विद्या त्या काळी कोणत्या घरच्या पोराच्या वाट्याला येणार, हे निदान माझ्यासारख्याला फोडून सांगायला नको. माझ्या आज्याला त्या काळच्या कुठल्याही बुवाच्या ओसरीवर कोणी बसू दिले असते का? म्हणून मला पलुसकरांची गोष्ट मोठी वाटते. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. ओसरीवरची विद्या वर्गात आली. दार सताड उघडले असे मी म्हणणार नाही, पण कडी निघाली. ती काढणारा हात बुवांनी घडवला. एवढ्यापुरते बुवा माझेही लागतात.

मात्र वर्ग निघाले ते लाहोरला, मुंबईला. ते बोरीला का पोचू नयेत? आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील भजनी मंडळात गातात. जनाबाईचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात. तिचा अभंग वडील ज्या चालीत म्हणतात ती मी दुसरीकडे ऐकली नाही. ती त्यांना कोणी लिहून दिली नाही आणि मीही अजून त्यांच्याकडून घेतली नाही. का, तर अभ्यास आहे! आपण शिकलो की घरातले शिकायचे नसते, असे आम्हाला कोण सांगते कोण जाणे. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये, पण कॉलेजातही हेच चालते. गॅदरिंगला भाड्याचे भोंगे येतात, दणदणाट होतो आणि दुसऱ्या दिवशी मांडवाखाली काही उरत नाही.

त्याच पैशांत एक पेटी, एक तबल्याची जोडी येईल. आठवड्यातून दोन तास पुरेत. शिकवणारा माणूस परभणीहून आणायची गरज नाही. दर एकादशीला तो देवळात, खांबाला टेकून, टाळ घेऊन बसलेला असतो. त्याला बोलवायला कोणीतरी जायला हवे. मी जायला तयार आहे.