एक रुपयाचे तैलचित्र

मार्चअखेर जवळ आली की आमच्या टपालात लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांची भर पडते. यंदा एका नगरपालिका संग्रहालयाच्या अभिरक्षकाने कळवलेला शेरा सर्वांवर कडी करणारा आहे. दानात आलेले तैलचित्र, म्हणून नियमाप्रमाणे नाममात्र एक रुपया मूल्याने दाखल. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र ‘लाकडी चौकट, नग १’. लेखापरीक्षकाने तो रुपया पाहून घसारा पूर्ण झाल्याचे ठरवले आणि विचारले, या वस्तूच्या निर्लेखनाचा प्रस्ताव अद्याप का नाही? खुलासा पाठवला तर उत्तरी मागणी आली खरेदीच्या बिलाची. दानाचे बिल!

वास्तविक राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका पुतळे व मौल्यवान कलाकृतींवर घसारा लावू नये असे स्पष्ट सांगते. ते पान साहेबांनी उघडलेलेच नसावे. रविवर्म्याच्या कृती सरकारने १९७९ मध्ये राष्ट्रीय कलासंपदा ठरवल्या. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. भंगारात काढायला मात्र एक सही पुरेल अशी ही तऱ्हा.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे त्यांच्या दिवाणखान्यात सुखाने राहिली असती. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले आणि संग्रह रयतेपुढे मांडला. हेन्री मूरचे शिल्प पाहायला आजही खटाव तालुक्यात जावे लागते. प्रादेशिक कलासंग्रहालय म्हणजे काय, हे त्या संस्थानिकाला कळले होते. आमच्या लेखा शाखेला चौकट दिसते, चित्र दिसत नाही.

पण शेऱ्याला जागा कोण देतो? आपल्यापैकी कित्येकांच्या अ‍ॅक्सेशन रजिस्टरातली शेवटची नोंद निवृत्त पूर्वसुरींच्या अक्षरातली आहे. कंडिशन रिपोर्ट तर कर्जाऊ प्रदर्शनाची वेळ आली की आठवतो. मित्रहो, ३१ मार्चच्या आत बसा. प्रत्येक कृतीचा क्रमांक, चित्रकार, माध्यम, माप, दात्याचे नाव, सद्यःस्थिती लिहा. मूल्याच्या रकान्यात ‘दानप्राप्त, नाममात्र, घसारा लागू नाही’ असे ठळक लिहून सक्षम अधिकाऱ्याची सही घ्या. छायाचित्र पुढून घ्या तसे मागूनही घ्या. कॅनव्हासच्या पाठीवरची जुनी चिठ्ठी हा अनेकदा दानाचा एकमेव पुरावा असतो, आणि चौकट बदलणारा सुतार तीच आधी फाडतो.

असे शेरे ज्यांच्याकडे आले असतील त्यांनी नावगाव झाकून प्रती पाठवाव्यात. पुढच्या अंकाआधी एकत्रित निवेदन मंत्रालयात द्यायचे आहे, आणि एका पत्राच्या बळावर ते देता येणार नाही.