उथळ काठाचे पाहुणे

धानाची कापणी आटोपून बांध्यांत लाखोरी हिरवी झाली की, कोंढ्याच्या आमच्या अंगणात धोबी पक्षी शेपूट हलवीत हिंडू लागतो. हा चिमुकला जीव हिमालयातून, त्याच्याही पलीकडून येतो, हे नातवंडांना खरेच वाटत नाही. तिकडे तलावावर तलवार बदके, थापट्या आणि चक्रवाक उतरतात.

हे पाहुणे येतात ते आपल्या तलावांमुळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी धानासाठी ते बांधले. मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभाल गावाच्या हातून सुटत गेली. गाळ साचला, बेशरम माजली.

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून गाळ उपसला जाऊ लागला. शेताला माती, तलावाला पाणी, दोन्ही हवेच. पण यंत्राने काठ उभा कापला, तर पाणी वाढते आणि पक्षी जातात. तुतवार ओल्या चिखलात किडे टिपतो, थापट्या उथळ पाणी चोचीने गाळून खातो. त्यांना उतरता काठ लागतो. गुरांनाही पाण्यावर जायला तोच सोयीचा.

मी बँकेत उमेद घालवली. व्याज खावे, मुद्दल राखावे, हा तिथला साधा धडा. तलावाचा उथळ काठ हे असे मुद्दल आहे. ग्रामसभेत खोलीकरणाचा विषय निघेल, तेव्हा 'एका बाजूचा उतार तसाच राखावा' एवढी ओळ ठरावात घालून घ्या. ती घालायला पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी उठून बोलावे लागते.