मार्च महिन्यातील दोन तारखा

रविवारी आमच्या दिघ्यात मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. परवा पाणी प्यायला थांबलेल्या एका पोराला आम्ही विचारले, "पहिली कसोटी कधी झाली रे?" तो ताडकन म्हणाला, "१५ मार्च १८७७, मेलबर्न! ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ४५ धावांनी हरवलं." आम्ही म्हटले, "शाब्बास! आणि २० मार्च १९२७ ला काय झालं?" पोरगा गप्प.

बंधू-भगिनींनो, दोष त्याचा नाही. १९७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला शताब्दीचा सामना झाला आणि ऑस्ट्रेलिया पुन्हा ४५ धावांनीच जिंकली. हे नवल आपण चवीने सांगतो. त्याच मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ५० वर्षे झाली, हे किती घरांत सांगितले गेले?

क्रिकेटचा आणि पाण्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्यांनी बाळू पालवणकरांची हकीकत ऐकावी. चांभार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर राबत. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा! १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले नाही. पुढे १९२३ साली ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले.

हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. पण म्हणून त्यांचा तो अपमान आम्ही विसरावा काय?

आमचा सवाल एवढाच, की बळी घेणाऱ्यालाच कपबशी मिळणार असेल, तर ज्याला चेंडू टाकता येत नाही त्याने काय करावे? याचे उत्तर महाडला मिळाले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. कोणाला काय येते, हे तिथे कोणी विचारले नाही. माणूस असणे पुरेसे होते.

मार्च २०२७ हा पहिल्या कसोटीच्या १५० वर्षांचा आणि महाडच्या १०० वर्षांचा महिना. घरच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करा, आणि मुलांना दोन्ही गोष्टी सांगा.

जयभीम!