दोष उन्हाचा नव्हे!

भूगोलाची टिपणे मी घरी मोठ्याने वाचते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काय शिकते याचे आईला फार कुतूहल. गेल्या जुलैत अशीच वाचत होते. एका जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेला मुद्दा आला : उष्ण व दमट हवेत माणसाची कार्यशक्ती मंदावते, म्हणून उष्ण कटिबंधातील देश मागे राहिले. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावून आलेली आई पडवीत पाय धूत होती. ती म्हणाली, "मगे आमी आळशी काय गो?" मला उत्तर सुचले नाही. ते राहून गेलेले उत्तर आज लिहीत आहे.

हा विचार फार जुना. फ्रान्सच्या मॉन्तेस्क्यूने १७४८ साली आणि अमेरिकेच्या एल्स्वर्थ हंटिंग्टनने १९१५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. परंतु विद्वानांनी मांडले म्हणून ते खरे मानावे काय? एक देश समोर ठेवून ताडून पाहू : व्हिएतनाम.

नकाशावर हा देश इंग्रजी 'एस' अक्षरासारखा दिसतो. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १६५० किलोमीटर, तर मध्यभागी एके ठिकाणी रुंदी जेमतेम ५० किलोमीटर. उत्तरेस तांबड्या नदीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेस मेकाँगचा, आणि पश्चिम कडेने त्रुओंग सोन पर्वताची रांग. सगळीकडे हवा एकसारखी, असेही नाही. हनोईत जानेवारीत स्वेटर लागतो. हो चि मिन्ह शहरात बारा महिने उकाडा. आपले मालवण आणि तिथले दा नांग जवळजवळ एकाच अक्षांशावर, १६ अंश उत्तर. पण जून-जुलैत आपल्याकडे आभाळ फाटते, तेव्हा दा नांग डोंगराच्या आडोशाला बरेचसे कोरडे असते. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, पूर्वेच्या समुद्रावरून येतो आणि कित्येकदा वादळे घेऊन येतो.

आता माणसांकडे पाहू. याच हवेत तिथल्या शेतकऱ्यांनी तांबड्या नदीच्या पुराला शतकानुशतके मातीचे बांध घालून भात पिकवले. हे काय मंद कार्यशक्तीचे लक्षण? मग १९४४-४५ मध्ये त्याच उत्तर भागात लाखो माणसे उपासमारीने का मेली? पूर आणि वादळ आले होते हे खरे. परंतु फ्रेंच अंमल आणि जपानी सैन्य यांनी सक्तीने धान्य वसूल केले, भाताच्या जागी ताग लावायला लावला, आणि युद्धामुळे दक्षिणेचा तांदूळ उत्तरेस पोहोचेना. पुढे १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी जंगलांवर आणि पिकांवर विषारी रसायने फवारली. सायगावजवळच्या कान जो येथील खारफुटी त्यातच नष्ट झाली. १९७८ पासून तेथील लोकांनी चिखलात उभे राहून ती पुन्हा लावली. २००० साली युनेस्कोने त्या जंगलाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

सर्वांत बोलका पुरावा तांदळाचा. १९८० च्या दशकात या देशाला बाहेरून धान्य आणावे लागत असे. १९८६ साली धोरण बदलले. १९८८ मध्ये सामुदायिक शेतीची पकड सैल करून जमीन कसण्याचा अधिकार कुटुंबांकडे दिला. १९८९ मध्ये व्हिएतनामने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. एका वर्षात तिथला सूर्य थंड झाला नव्हता. माणसेही तीच होती. बदलला तो कायदा.

निसर्गाला काहीच किंमत नाही, असे माझे म्हणणे नाही. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश सरासरीने समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. २०१६ आणि २०२० च्या दुष्काळांत खारे पाणी तिथे दूरवर आत शिरले आणि भातशेती करपली. पण तिथेही जमिनीखालचे पाणी उपसल्याने जमीन खचते आहे आणि नदीवरच्या धरणांमागे गाळ अडतो आहे. म्हणजे निसर्गाच्या नावावर खपणाऱ्या संकटातही माणसाचा हात आहेच.

विद्यार्थी मित्रहो, उत्तरपत्रिकेत "हवामान उष्ण व दमट" एवढे लिहून आपण पुढे जातो. माझी विनंती एवढीच की, त्याखाली आणखी दोन प्रश्न विचारावेत : जमीन कोणाची? पिकलेले धान्य कोणी नेले? हे न विचारता उन्हाला दोष देणे सोपे असते, कारण ऊन उलट बोलत नाही.

माझी आई मात्र बोलते. तिला हा लेख मी वाचून दाखवणार आहे.