कोचनं पावडरी विकू नयेत

धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, पोहणाऱ्या बंधुभगिनींनो,

मुंबईची मॅरेथॉन, साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन, २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३. चाळिशी-पन्नाशीची माणसं नोकरी-संसार सांभाळून पहाटे चारला उठतात आणि या शर्यतींची तयारी करतात, याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच पुढचं स्पष्ट लिहितो आहोत.

सरावाच्या अनेक ग्रुपांमध्ये कोच आठवड्याच्या वेळापत्रकाबरोबर पावडरी, गोळ्या आणि जेल यांची यादी देतो. सोबत सवलतीचा कोड असतो. तुम्ही त्या कोडवर डबा घेतला की कोचला कमिशन मिळतं, आणि ही गोष्ट तो बहुधा सांगत नाही. तुमच्या शरीरात काय कमी आहे हे ज्यानं ठरवायचं, त्यालाच ती कमी भरून काढणारा माल विकून पैसे मिळणार असतील, तर तुमच्यात काही ना काही कमी निघणारच. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

लांब पल्ल्याला मुळात लागतं काय? कर्बोदकं, मीठ, पाणी. स्नायू आणि यकृत मिळून साठा असतो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा. जोर लावला तर दीड-दोन तासांत तो आटत येतो, पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची. अडीच तासांच्या पुढे ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत, कारण आतड्यातून त्यांचे मार्ग वेगळे आहेत. आपल्या साखरेच्या डब्यातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे जवळजवळ एका जेलएवढी.

हे सगळं घरच्या बाटलीत जमतं: एक लिटर पाणी, काट्यावर मोजून ६० ग्रॅम साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक लिंबू. या अडीच ग्रॅम मिठातून साधारण एक ग्रॅम सोडियम मिळतं. घाम प्रत्येकाचा वेगळा असतो, पण लिटरभर घामातून सरासरी साधारण एवढं सोडियम जातं. एका बाटलीचा खर्च दहा-बारा रुपये. मार्गावर उकडलेल्या बटाट्याची मीठ लावलेली फोड आणि खजूर खिशात ठेवा. आधी सरावात पोटाला सवय करा, शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग नको. रक्तदाब असलेल्यांनी मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मीठ आणि साखर एकत्र गेली की आतडं पाणी झपाट्यानं ओढून घेतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच ज्ञानावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. त्या ज्ञानाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. आज तेच रंगीत गोळीत घालून विकलं जातं, आणि ‘ओआरएस’ हे नाव गोड पेयांवर छापण्यापर्यंत मजल गेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ते थांबवावं लागलं. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ते औषध आहे, सायकलवरचं इंधन म्हणून पुरत नाही.

चुकीचा सल्ला जिवावर बेतू शकतो. तहान नसली तरी पीत राहा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या पातळीखाली होतं. वाटेत भरपूर पाणी पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त. त्याच शर्यतीत सोडियम असं घसरल्यानं एका तरुणीचा मृत्यू झाला. तहान लागेल तसं प्या.

आता डब्याच्या आत काय असतं ते पाहा. केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खोटा निघाला, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. त्याआधी जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेनं १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली होती. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली बंदी घातलेली स्टेरॉइड्स सापडली. डोपिंगच्या नियमांत ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. शिक्षा खेळाडूला होते, कोड देणाऱ्याला होत नाही.

आमचा सर्वांत मोठा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सराव वाढवून जेवण कमी करणाऱ्या मुली आम्ही पाहतो. पाळी थांबते, थकवा जात नाही, हाडाला बारीक तडा जातो, आणि तरी सल्ला मिळतो तो रिकव्हरी पावडरीचा. पाळी थांबणं ही फिटनेसची खूण नाही, शरीराला अन्न पुरत नसल्याची ती तक्रार आहे. या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा मुलीला आधी पोटभर जेवण हवं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची तपासणी हवी आणि गरज निघाली तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी हवी.

कॅफीन काम करतं, हे खरं आहे. सायकलवर जेल सोयीचं पडतं, हेही खरं. अंडी, दूध, उसळी, सोयाबीन खाऊनही वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन भरत नसेल, तर तपासणीचं प्रमाणपत्र असलेली पावडर घ्यायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती लपवलेल्या कमिशनला.

कोचमंडळींनो, फी वाढवा, आम्ही देऊ. पण माल विकू नका, आणि आजवर कोणाकडून कमिशन घेतलंत ते ग्रुपवर जाहीर करा. आयोजकांनो, हायड्रेशन पॉइंटवर केळी, मीठ-साखरेचं लिंबूपाणी आणि उकडलेले बटाटे ठेवा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी डब्याचं नाव निघालं की सगळ्यांसमोर एवढंच विचारा: “सर, यात तुम्हाला किती मिळतात?”

हे पत्रक वाचून झालं की ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या हातात द्या.