धारणा कोणाची?

ऑक्टोबर 2010 मध्ये बर्लिनच्या 'ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल' या संस्थेने आपला वार्षिक भ्रष्टाचार-धारणा निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात ट्युनिशिया 10 पैकी 4.3 गुण मिळवून 59 व्या स्थानी होता. इटली 67 व्या स्थानी होती आणि ग्रीस 78 व्या. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते. 17 डिसेंबरला सिदी बुझिद या गावी पालिकेच्या माणसांनी मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. गव्हर्नरच्या कचेरीत दाद लागली नाही, तेव्हा त्याने त्याच दारासमोर स्वतःस पेटवून घेतले. 14 जानेवारी 2011 रोजी, 23 वर्षे सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून पळाले. रस्त्यावर उतरलेल्यांचा राग त्यांच्या आणि त्यांच्या सासुरवाडीच्या, म्हणजे ट्राबेल्सी घराण्याच्या, लुटीवर होता. ज्या देशाला इटलीहून स्वच्छ म्हटले गेले, तिथली ही कथा.

आम्ही साहित्याचे अभ्यासक. संख्याशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु 'धारणा' हा शब्द मात्र आमच्या प्रांतातला आहे. कोणतीही संहिता हाती घेतली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की बोलतो कोण आणि पाहतो कोठून? हाच प्रश्न या निर्देशांकाला का विचारू नये?

त्याचे उत्तर संस्थेने कधी लपवलेले नाही. 1995 साली 41 देशांपासून सुरू झालेला हा निर्देशांक इतर संस्थांनी केलेल्या पाहण्या एकत्र करून बनतो. त्या पाहण्यांतून बोलतात ते तज्ज्ञ आणि उद्योजक. सामान्य नागरिकाला त्यात विचारलेले नसते. शिवाय विषय फक्त सार्वजनिक क्षेत्राचा असतो. म्हणजे कथन प्रामाणिक आहे, पण निवेदक सर्वज्ञ नाही. वर्तमानपत्री मथळा मात्र त्याला सर्वज्ञ करून टाकतो. 'धारणा' गळून पडते आणि 'भ्रष्टाचार' तेवढा उरतो.

ट्युनिशियात हा निवेदक काय पाहू शकला नाही, हे 2014 साली जागतिक बँकेच्या एका अभ्यासाने दाखवले. बेन अली घराण्याशी संबंधित 220 कंपन्या तपासल्या, तेव्हा असे दिसले की 2010 च्या सुमारास देशातील खासगी क्षेत्राच्या नफ्यापैकी सुमारे 21 टक्के वाटा त्यांच्याकडे जात होता, तर रोजगारातला त्यांचा वाटा अवघा 1 टक्का होता. ज्या धंद्यांत या कंपन्या होत्या, तिथे नव्याने शिरणाऱ्यांना सरकारी परवान्यांची आणि परकी भांडवलावरील निर्बंधांची आडकाठी होती. टेबलाखालून पाकीट सरकवण्याची गरजच काय? नियमच घराण्याच्या सोयीने लिहिला जात होता. जिथे कायदा आणि लूट एकाच हस्ताक्षरात असतात, तिथे लाच शोधणाऱ्या नजरेला सारे स्वच्छ दिसू शकते.

भाषेकडे पाहिले तरी हेच जाणवते. अरबीत लाचेला 'रश्वा' म्हणतात, एकूण सडण्याला 'फसाद'. पण तिथल्या माणसाच्या ओठांवर सर्वाधिक असतो तो 'वास्ता' हा शब्द, म्हणजे मध्यस्थी, ओळख. इजिप्तमध्ये त्यालाच थट्टेने 'कोसा' म्हणतात, जे एरवी एका फळभाजीचे नाव आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको, कारण आपला 'वशिला' अरबीतूनच आलेला आहे. वशिल्यात पैसा हात बदलेलच असे नाही. बदलते ती रांग. 2019 साली याच संस्थेने सहा अरब प्रदेशांत थेट नागरिकांना विचारले. सार्वजनिक सेवेसाठी लाच द्यावी लागली असे सांगणारे लेबनॉनमध्ये 41 टक्के होते, जॉर्डनमध्ये केवळ 4 टक्के. परंतु 'वास्ता' वापरला का, असे वेगळे विचारताच जॉर्डनमध्येही होकाराचे प्रमाण लाचेहून कितीतरी अधिक भरले. प्रश्नातला शब्द बदलला आणि देशाचे चित्र बदलले.

या सहांत आखाती राजवट एकही नव्हती. 2024 च्या निर्देशांकात, आता 100 पैकी गुण देण्याची पद्धत आहे, संयुक्त अरब अमिरातीला 68 गुण आहेत, फ्रान्सला 67. सोमालियाला 9. एवढे अंतर असताना 'अरब संस्कृती'वर खापर फोडणाऱ्यांनी थोडे थांबावे. आणि अमिरातीचे गुण वाचताना हेही आठवावे, की काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाच्या करड्या यादीत तो देश मार्च 2022 पासून फेब्रुवारी 2024 पर्यंत होता. उलट ट्युनिशियाचे गुण क्रांतीनंतर 2011 साली 4.3 वरून 3.8 वर उतरले. जिथे तोंड उघडता येते तिथे घाण दिसू लागते. मौनाला मात्र गुण मिळू शकतात.

मग हे मोजमाप फेकून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. लाच पावती देत नाही, म्हणून धारणेचा आधार घ्यावाच लागतो. 'हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान' अशी हाकाटी तर सत्ताधाऱ्यांच्याच पथ्यावर पडते. आमचे म्हणणे इतकेच, की ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे; तिच्याशेजारी दुसऱ्या साक्षी ठेवाव्यात. नागरिकांच्या पाहण्या आहेत, आणि कादंबरीही आहे. नजीब महफूझ यांच्या 1945 च्या 'अल्-काहिरा अल्-जदीदा'मधल्या गरीब पदवीधराला सरकारी नोकरी मिळते ती एका बड्या अधिकाऱ्याच्या प्रेयसीशी लग्न करून. अला अल्-अस्वानी यांच्या 2002 च्या 'याकूबियान इमारती'त दरवानाचा हुशार मुलगा पोलीस अकादमीच्या मुलाखतीला जातो आणि बापाचा धंदा कळताच बाद होतो. या दोन तरुणांना कोणत्याही पाहणीने तज्ज्ञ मानले नसते. पण भ्रष्टाचार म्हणजे काय, हे त्यांना निर्देशांकाच्या निवेदकाहून नेमके ठाऊक होते.

आकडेवारी वर्गात येईल तेव्हा आपण ती कवितेइतक्याच सावधपणे वाचावी. गुण किती मिळाले हे नंतर पाहू. ते देणारा कोठे उभा होता, आणि बुअझीझीला त्याने काही विचारले होते काय, हे आधी पाहू.