वरळीचा मनोरा आणि आमचे इंदूर

मुंबईहून कोणी पाहुणा आला की पूर्वी आमच्या घरी पहिला प्रश्न आप्तेष्टांच्या प्रकृतीचा असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि दुसराही प्रश्न ठरून गेला : 'तिकडे मराठीत काय काय दाखवितात?' वरळीचा तो सुमारे ३०० मीटर उंचीचा पोलादी मनोरा आम्ही पुढे डोळे भरून पाहिला. त्याच्या माथ्यावरून निघणारे मराठी चित्र मात्र इंदुरात आम्हांस दिसले नाही.

याचे नवल वाटे, कारण त्याच मुंबईचा आवाज आम्हांला रात्री घरबसल्या ऐकू येई. दिवसा नुसती खरखर, आणि रात्र चढली की मराठी श्रुतिका, नाट्यसंगीत! थोरली मंडळी म्हणत, रात्री हवा शांत असते म्हणून. खरे कारण फार उंचावर आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत सरकत हळूहळू क्षीण होतात. ज्या वर जातात त्यांना ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा थर शोषून घेतो. हा थर सूर्यप्रकाशावर जगतो. रात्री तो विरला की लहरी वरच्या थरांवरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मुंबई ते इंदूर हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर. ते त्या एका उडीत गाठीत. मधूनच गवयाचा आवाज विहिरीत बुडाल्यासारखा होई, तो वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरत म्हणून.

दूरदर्शनच्या लहरी त्यामानाने फारच आखूड. त्या आयनांबर भेदून जातात आणि जमिनीवर जवळजवळ सरळ रेषेत धावतात. ३०० मीटर उंचीवरून सपाट मुलखात त्यांचे क्षितिज सुमारे ७० किलोमीटरांवर येते. पुण्यासाठीदेखील १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावे लागले; मग सातपुडा आणि विंध्य ओलांडून आमच्यापर्यंत कोण येणार? आणखी एक भेद मौजेचा आहे. दूरदर्शनचा मनोरा हा केवळ उंच खांदा, आकाशक त्याच्या माथ्यावर. मध्यम लहरींच्या केंद्रात मात्र बहुधा सबंध मनोराच आकाशक असतो, चिनी मातीच्या विसंवाहकावर उभा केलेला.

१९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव लहान प्रक्षेपक बसले आणि आमच्याकडेही पडदा उजळला. मनोरा दाराशी आला, पण भाषा दिल्लीची घेऊन आला. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली, तेव्हा रात्री मुंबई धुंडाळणारा रेडिओ कपाटावर गेला. मुलांच्या खेळातली बोली आमच्या देखत बदलली. दोष कोणाला द्यावा? ती मालिका आम्हीही चवीने पाहिली!

१९९४ साली मुंबई केंद्राची मराठी वाहिनी उपग्रहावरून दिसू लागली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर. तेथून क्षितिजाची अडचणच उरत नाही. तोवर ती मुले मोठी होऊन नोकऱ्यांना लागली होती.

दूरदर्शनचे जुने अॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाले. मध्यम लहरींची ती रात्रीची वाट मात्र तशीच आहे. हौशी वाचकांनी कपाटावरचा संच उतरवून पाहावा. आतल्या आकाशकाची कांडी स्टेशनाच्या दिशेने आडवी, म्हणजे काटकोनात, राहील असा तो फिरवावा. इंदूरहून मुंबई नैर्ऋत्येस येते. आणि त्यापूर्वी घरातले चार्जर व एलईडी दिवे बंद करावेत, नाहीतर त्यांचीच खरखर ऐकत बसावे लागेल.